टुलेनचं स्टेडियम नेमकं कुणासाठी वाढलं?

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या सुपरडोमचं, म्हणजे छप्पर असलेल्या अवाढव्य स्टेडियमचं, कौतुक करणाऱ्या पोस्ट अधूनमधून दिसतात. वास्तू म्हणून ते रास्तच आहे. पण त्या शहरातल्या कॉलेज फुटबॉलचं जेवढं नुकसान या डोमने केलं तेवढं दुसऱ्या कशानेच केलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. (फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन, लांबट चेंडूचा.)

याच शहरातल्या टुलेन विद्यापीठाचं जुनं स्टेडियम १९२६ चं. खालचा भाग विटा आणि काँक्रीटचा, क्षमता साधारण ३५,०००. जागा एतिएन द बोरे यांच्या जुन्या उसाच्या मळ्याची. १७९५ मध्ये त्यांनी तिथे दाणेदार साखर काढून दाखवली होती. पहिल्याच सामन्यात ऑबर्नने टुलेनला २-० असं हरवलं. या खेळात २-० म्हणजे ना टचडाउन ना फील्ड गोल, गुण मिळवायचे दोन्ही नेहमीचे मार्ग बंद. चेंडू हातात असलेला खेळाडू स्वतःच्याच एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) पाडला गेला की समोरच्याला सेफ्टीचे दोन गुण मिळतात, तेवढ्यावर सामना संपला!

१ जानेवारी १९३५ ला इथे पहिला शुगर बोल झाला. टुलेनने टेंपलला २०-१४ असं हरवलं आणि इथून गाडी घसरली. दरवर्षी नववर्षाच्या सुमारास होणाऱ्या या एका सामन्याच्या गर्दीसाठी स्टेडियम वाढत गेलं. वर लोखंडी सांगाड्यावर नवे मजले चढले, १९४७ पर्यंत क्षमता ८०,९८५ झाली. गर्दी शुगर बोलची, पण रिकाम्या बाकांसमोर हंगामभर खेळायचं टुलेनने. शिवाय न्यू ऑर्लिन्सची दमट हवा म्हणजे लोखंडाचा शत्रू. रंगरंगोटीत हयगय झाली की जोडांच्या सांध्यांत पाणी साचतं आणि गंज आतून खात जातो. काँक्रीटचा खालचा भाग टिकला, वरचा लोखंडी भाग १९७५ च्या ऑगस्टमध्ये धोकादायक ठरवून बंद करावा लागला.

याच मैदानावर २ जानेवारी १९५६ ला पिट्सबर्ग विद्यापीठाचा बॉबी ग्रियर शुगर बोल खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. समोरचा संघ होता जॉर्जिया टेक, आणि कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघाविरुद्ध त्यांना खेळू देऊ नका म्हणून जॉर्जियाच्या गव्हर्नरने आकाशपाताळ एक केलं होतं. पिट्सबर्ग ०-७ हरलं, आणि तो एकमेव टचडाउन आला ग्रियरवर पुकारलेल्या पास इंटरफिअरन्सच्या (पास झेलणाऱ्याला अडवल्याच्या) फाउलनंतर. त्या निर्णयावर आजही वाद घालणारे आहेत. पुढे १९७४ मध्ये सदर्न आणि ग्रॅम्बलिंग या दोन कृष्णवर्णीय विद्यापीठांचा पहिला बायू क्लासिकही इथेच झाला. मला हे शुगर बोलच्या सगळ्या निकालांपेक्षा मोठं वाटतं.

मग ३ ऑगस्ट १९७५ ला सुपरडोम उघडला. छताचा व्यास ६८० फूट, उंची २७३ फूट, मध्ये एकही खांब नाही. कामाला इतका उशीर झाला की त्या जानेवारीतला नववा सुपर बोल (व्यावसायिक फुटबॉलचा वार्षिक अंतिम सामना) जुन्या टुलेन स्टेडियममध्येच उरकावा लागला. टुलेनचा संघ डोममध्ये भाडेकरू म्हणून गेला तो २०१३ पर्यंत. जुनं स्टेडियम १९८० पर्यंत जमीनदोस्त झालं.

गणित साधं आहे. सत्तर हजारांच्या डोममध्ये वीस-पंचवीस हजार माणसं बसली की तीनातल्या दोन खुर्च्या रिकाम्या. आवाज छतात विरून जातो. पाहुण्या क्वार्टरबॅकला (चाली ठरवून चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला) आपल्या खुणा ओरडून सांगता येतात, म्हणजे घरच्या मैदानाचा मोठा फायदाच गेला. विद्यार्थ्याला सामन्यासाठी कँपस सोडून शहराच्या मध्यभागी जावं लागतं, तो हळूहळू जायचंच सोडतो. १९९८ चा संघ १२-० असा अपराजित राहिला, तरी त्यानंतर डोम कायमचा भरू लागला असं झालं नाही. २००५ मध्ये कॅटरिना वादळात डोमच्या छताचं आवरण सोलून निघालं आणि टुलेनला ११ सामने ११ वेगवेगळ्या मैदानांवर खेळावे लागले.

२०१४ मध्ये कँपसवर यूलमन स्टेडियम आलं, क्षमता ३०,०००. शेजारच्या रहिवाशांनी पार्किंग आणि आवाजावरून जोरदार विरोध केला होता. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. कँपसभोवतालच्या अपटाउन भागातल्या गल्ल्या अरुंदच आहेत. पण आकार मात्र पहिल्यांदा टुलेनच्या मापाचा निघाला. डिसेंबर २०२२ मध्ये इथेच टुलेनने सेंट्रल फ्लोरिडाला ४५-२८ असं हरवून कॉन्फरन्सचं (आपल्या विद्यापीठ-गटाचं) विजेतेपद घेतलं. तोच सामना डोममध्ये झाला असता तर निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या दिसल्या असत्या.