कोपरे साबणासारखे आहेत म्हणणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया त्याच दिवशी वाचली होती पण लगेच उत्तर दिलं नाही, कारण वाचल्या वाचल्या जे सुचलं ते टाईप केलं असतं तर सरळ भांडणच झालं असतं, आणि दुसरं म्हणजे तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट डोक्यात अडकून बसली होती, ती वावरात जाऊन स्वतः पाहिल्याशिवाय तोंड उघडायचं नव्हतं. आता पाहून आलो. उत्तर लांब आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांनी दादांची कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी २४ एमएम एफ १.४ लेन्सवर लिहिलं होतं; २४ एमएम म्हणजे वाईड, बरंच काही फ्रेममध्ये घेणारी, आणि १.४ हा ॲपर्चरचा, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाचा आकडा, जितका लहान तितकं भोक मोठं. दादांचं म्हणणं, त्यात ना चार्ट ना आकडे, नुसत्या झाडीपट्टीच्या (आमच्या पूर्व विदर्भातल्या) नाटकाच्या गोष्टी. त्यांच्याकडे हीच लेन्स आहे, त्यांनी विटांच्या भिंतीपासून एक मीटरवर उभं राहून १.४ वर फोटो काढला तर कोपरे साबण लावल्यासारखे, आणि त्यातही उजवीकडचे जास्त खराब. आजकालचे कॅमेरे ६४०० आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची ताकद, वाढवली की फोटोत दाणे येतात) आरामात झेलतात, मग एवढ्या पैशात २.८ चा झूम का घेऊ नये. आणि शेवटी, "लोकांना फसवू नका."

फसवलं नाही हो. चुकलो मात्र नक्की, ते खाली येतं. आधी तुमच्या भिंतीचं पाहू.

एक मीटरवर, फुल फ्रेम (जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर, २४ एमएमच्या फ्रेममध्ये भिंतीची दीड मीटर रुंदी येते, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे पाऊण पाऊण मीटर. आता कॅमेरा भिंतीला अगदी समांतर नसून ३ अंश तिरपा असला, फक्त ३, डोळ्याला तर कळणारही नाही, तरी एक कड ४ सेंटीमीटर जवळ येते आणि दुसरी तेवढीच लांब जाते. मिळून झाले ८ सेंटीमीटर. आणि तुम्ही पिक्सेल मोजून बघून राहिले तर १.४ वर त्या अंतरावर फोकसची खोली जेमतेम ३ सेंटीमीटर भरते. म्हणजे "उजवीकडचे कोपरे जास्त खराब" यात लेन्सचा दोष किती आणि तुमच्या उभं राहण्याचा किती, हे त्या फोटोवरून ना तुम्हाला सांगता येईल ना मला. हातात धरून काढला असेल तर विषयच संपला.

ट्रायपॉडवर, भिंतीवर आरसा लावून जुळवून, एकदम समांतर काढला असं धरू. तरी भानगड आहेच. वाईड आणि फास्ट (मोठ्या भोकाच्या) लेन्सचा फोकस अगदी सपाट पडत नाही, थोडा वाटीसारखा वळतो, त्याला फील्ड कर्व्हेचर म्हणतात, आणि जवळ-लांब फोकस केला की ते वळणही बदलतं. एक मीटरवरची वाटी वेगळी, दूरवरची वेगळी. बरं, २४ एमएम १.४ घेऊन एक मीटरवरून सपाट भिंतीचे फोटो कोण काढतं? सातबाऱ्याची नक्कल काढायची तर मोबाईल पुरे आहे. माझं एवढंच म्हणणं की लेन्स ज्या अंतरावर, ज्या उजेडात, ज्या ॲपर्चरवर वापरायची तिथंच तिची परीक्षा घ्यावी. बैल शंकरपटाचा असेल तर त्याला पटावर पळवून पाहतात, नांगराला जुंपून नाही.

आता ६४०० आयएसओ. दादा, तुमचा हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण असं वाटलं की तुम्ही फोटोखालची सेटिंग पाहिलीच नाही. तो झाडीपट्टीचा फोटो, वडसाकडच्या मंडळीचं नाटक, रात्री दहाला सुरू होणार आणि पहाटेपर्यंत चालणार, स्टेजवर लख्ख उजेड आणि समोर खाली बसलेल्या माणसांवर त्याचा नुसता उडालेला उजेड. मला स्टेज नको होतं, स्टेजचं चित्र कोणीही काढतो, मला पाहायचं होतं ते चादरी पांघरून बसलेल्या बाया, मांडीवर झोपलेली पोरं आणि त्यांच्या तोंडावर पडलेला तो लालसर उजेड. ते चित्र १.४ वर, १/६० सेकंदाच्या शटरला काढलं तेव्हाच आयएसओ ६४०० होता! १.४ पासून २.८ म्हणजे दोन स्टॉप (एका स्टॉपला उजेड निम्मा), उजेड चौपट कमी. तुमच्या झूमवर तोच फोटो २५६०० ला निघाला असता, नाहीतर १/१५ ला, आणि १/१५ ला नाटकात हसणारी माणसं हलतात. कॅमेरा ६४०० झेलतो हे मलाही मान्य आहे, म्हणूनच तर तिथपर्यंत गेलो.

एक मात्र तुमच्या बाजूनं बोलतो, मूळ लिखाणात हे सुटलं होतं. १.४ चा सगळा फायदा मध्यभागी मिळतो. पूर्ण उघड्या ॲपर्चरवर फास्ट वाईडचे कोपरे काळवंडतात, दोन स्टॉपच्या आसपास घसरण ही अशा लेन्सना नेहमीचीच. मग सॉफ्टवेअरमध्ये लेन्सचं प्रोफाईल (तिचे दोष भरून काढणारी सेटिंग) लावलं की कोपरे उजळतात, पण उजळतात म्हणजे काय, तिथला उजेड चौपट ताणला जातो, तेव्हा मध्ये ६४०० ची साय आणि कोपऱ्यात २५६०० चा कोंडा. झूमच्या कोपऱ्यांचं पण २.८ वर काही खरं नसतं, पण मी १.४ ला नुसता "दोन स्टॉप जास्त" म्हणून मोकळा झालो होतो, ते अर्धच होतं. नाटकाच्या फोटोत मी प्रोफाईल लावलंच नाही. कोपऱ्यात अंधार होता, तो तसाच राहू दिला.

(आणि मागचं ब्लर व्हावं म्हणून २४ एमएम १.४ घेणाऱ्यांनी जरा थांबा. लग्नात नवरीचं तोंड दीड फुटावरून काढलं तर ब्लर होतं, पण मग नाक समोसा होतं. ब्लर पाहिजे तर ५० नाहीतर ८५ घ्या.)

आता माझी चूक. मी लिहिलं होतं, "कोपऱ्यातले तारे १.४ वर पण ठीक आहेत." हे वाक्य मी कशावरून लिहिलं ते आठवून पाहिलं तर लाज वाटली, २०४८ पिक्सेलला लहान केलेला फोटो मोबाईलवर पाहून. त्यात कोपऱ्यातला तारा काय, कोपऱ्यातला गाडीचा हेडलाईट पण ठीकच दिसतो. आणि तुम्ही "उजवी बाजू जास्त खराब" लिहिलं तेव्हा आठवलं की त्या फोटोत उजवीकडे वर मलाही काहीतरी फुगल्यासारखं दिसलं होतं आणि मी ते ढग समजून सोडून दिलं होतं.

आमच्याकडे, वरोऱ्याच्या अलीकडे, शेतातली लाईन काही दिवस दिवसाची असते आणि काही दिवस रात्रीची. रात्रीची आली की हरभऱ्याला पाणी द्यायला जावंच लागतं, मग डुक्कर असो की साप. काकाजी आणि मी गेलो. स्प्रिंकलरचे पाईप एकदा लावले की दोन-अडीच तास मोकळे, तेवढ्यात धुऱ्यावर ट्रायपॉड लावला. चंद्रपूरच्या अंगाला आभाळ पिवळं पडलेलं असतं त्यामुळं तिकडं पाठ केली. पेंचला २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान मिळाला, तिथलं आभाळ आमच्या नशिबात कुठलं, पण ताऱ्यांवर लेन्स तपासायला वावरातला अंधार बस झाला.

पहिला अर्धा तास पाण्यात गेला. प्रत्येक फोटो मऊ, मध्यभागी पण मऊ. मनात म्हटलं दादा बरोबर होते, लेन्स भंगारच आहे. मग बॅटरी मारून पाहिली तर पुढच्या काचेवर दव आणि वर स्प्रिंकलरचा तुषार. दुपट्ट्यानं पुसली, ट्रायपॉड वाऱ्याच्या उलट बाजूला नेला आणि दुपट्टा लेन्सला गुंडाळून ठेवला. काकाजी दुरून पाहत होते, म्हणे, "काऊन रे, पाणी द्याले आला का चांदण्या मोजाले?"

मी काय केलं ते सविस्तर सांगतो कारण हे तुम्ही पण करावं. व्याधाचा तारा मध्ये घेतला, लाईव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं चित्र) दहापट मोठा करून हातानं फोकस केला, तारा लहानात लहान टिंब होईल तिथं थांबलो आणि फोकसला मग हात लावला नाही. मग कॅमेरा फिरवून तोच तारा एकेका कोपऱ्यात नेला आणि १.४, २, २.८, ४ असे फोटो घेतले. शटर फक्त ३ सेकंद. हे ३ सेकंद महत्त्वाचे आहेत. बरेच जण ५०० भागिले लेन्सचे एमएम या ठोकताळ्यानं ५०० भागिले २४ करून २० सेकंद ठेवतात, सुंदर आभाळ दिसायला ते ठीक, पण माझ्या २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर २० सेकंदात तारा जवळपास ६ पिक्सेल सरकतो आणि मग ती सरकलेली रेघ पाहून लोक म्हणतात लेन्सला कोमा (कोपऱ्यातल्या टिंबाला पंख फुटायचा दोष) आहे. ३ सेकंदात जेमतेम एखादा पिक्सेल सरकतो. ओळखायची खूण पण सांगतो, पृथ्वी फिरल्यामुळं पडलेल्या रेघा एकाच दिशेनं वळत जातात, कोमाचे पंख मात्र मध्यभागाकडं तोंड करून असतात, चारही कोपऱ्यांत चार दिशांना, जणू मधे दाणे टाकलेत आणि चारी बाजूंनी पाखरं उतरून राहिली.

आणि हे कोमाचं दुखणं काही आजचं नाही. निकॉननं १९७७ मध्ये ५८ एमएम एफ १.२ चं नॉक्ट-निक्कोर काढलं ते रात्रीच्या दिव्यांच्या ठिपक्यांचे असे पंख होऊ नयेत यासाठीच, त्याची पुढची काच ॲस्फेरिकल (साध्या गोलाईची नसलेली) होती आणि ती हातानं घासून बनवायचे. ते पण ५८ एमएमला. २४ ला कोपऱ्यातला उजेड किती तिरपा येतो ते पहा, मधल्या रेषेपासून ४२ अंश. म्हणून "१.४ वर कोपरे परफेक्ट पाहिजेत" ही अपेक्षा मी ठेवत नाही. कोपरे एकसारखे पाहिजेत, ही ठेवतो.

आणि तिथंच माझी लेन्स नापास झाली.

तीन कोपऱ्यांत १.४ वर व्याधाला पंख होते, लहानसे, २ वर निम्मे झाले आणि २.८ वर टिंब गोल. हे पासिंगचे मार्क आहेत, चांगलेच म्हणा. वर उजवीकडं मात्र १.४ ला अख्खा बगळा. २.८ ला पण शेपूट होतं, ४ ला गेलं. एका कोपऱ्याचं एक आणि दुसऱ्याचं भलतंच असेल तर आतली एखादी काच आपल्या जागेवरून सरकलेली किंवा तिरपी झालेली असते, डीसेंटर म्हणतात त्याला. ती डिझाईनची चूक नाही, त्या एका नगाची आहे. माझ्या नगाची तर बहुतेक माझीच, कारण लेन्स सेकंडहँड घेतली आणि वर दोन वर्षं गाडीच्या टाकीवरच्या पिशवीत टाकून खडीच्या रस्त्यानं हिंडवली. घेताना हे चार फोटो काढले असते तर तेव्हाच कळलं असतं की आधीपासून होतं का नंतर झालं. आता ना विकणाऱ्याला बोलता येत ना स्वतःला.

तर मूळ लिखाणातलं ते ताऱ्यांचं वाक्य मी खोडून खाली दुरुस्ती टाकली आहे, तुमच्यामुळं. "लेन्स घ्या" हे मत मात्र बदललं नाही. माझे तीन कोपरे पाहता डिझाईन चांगलं आहे, उजेड लागतो तिथं ती देते, नाटकात, मांडवात, कुडाच्या घरातल्या चुलीसमोर जिथं मागं सरकायला भिंत आडवी येते. तुम्ही जर दिवसाच्या देखाव्यांसाठीच घेतली असेल आणि एफ ८ वरच वापरत असाल तर खरंच झूम घ्या, वजन पण कशाला वागवता.

माझा बिघडलेला कोपरा? सध्या उपाय असा की ताऱ्यांसाठी कॅमेरा उभा धरतो, शटरचं बटण खालच्या अंगाला ठेवून. मग वरचा उजवा कोपरा खाली उजवीकडं येतो, आणि खाली काळी माती असते, तिच्यात एकही तारा नाही. दुरुस्तीला नागपूरला पाठवायची हिंमत होत नाही, उघडून परत बसवताना बाकीचे तीन बिघडले तर.

तुमच्या नगाचं मला आता खरंच जाणून घ्यायचं आहे, कारण तुमची पण उजवी बाजू आणि माझी पण उजवी, हा योगायोग का आणखी काही. भिंत सोडा, एक रात्र गच्चीवर जा, व्याध नसेल दिसत तर दूरच्या टॉवरवरचा लाल दिवा पण चालतो, फक्त चांगला दूर असू द्या. चार कोपरे, १.४ आणि २.८, एवढे आठच फोटो, जेपेग नको, रॉ (कॅमेऱ्यातली कच्ची फाईल) पाठवा. माझे सोळा मी वर जोडून राहिलो, पण नेटवर्क पाहता सकाळपर्यंत चढतील. काकाजी हाका मारून राहिले, पाईप बदलायची वेळ झाली.