माळ्यावरचं

ऑफिस फोर्टवरनं मरोळला हलवायचंय आणि ते सगळं तू बघ, असं साहेब मला लिफ्टमध्ये म्हणाले. आमची लिफ्ट जाळीची, तीन माणसांची, त्यात चौथा मी, त्यामुळे पळायला जागाच नव्हती.

बातमी फुटल्यावर पहिले दोन दिवस कामच झालं नाही, डोंबिवलीवाले घाटकोपरला उतरून मेट्रो पकडायची म्हणून सुस्कारे टाकतायत, विरारवाले अंधेरीपर्यंतच जायचं म्हणून पेढे वाटायच्या मूडमध्ये, आणि दोघांच्याही शिव्या-आशीर्वाद मला, जसं काही मरोळ मीच वसवलं.

मग पॅकर्स-मूव्हर्सचा सर्व्हेवाला आला. पंचविशीतला पोरगा, टॅबवर बोट फिरवत अकरा मिनिटांत अख्खं ऑफिस फिरला, टेबलं मोजली, लोखंडी कपाटांवर टकटक केलं आणि एवढे एवढे क्यूबिक फूट, एक चौदा फुटी गाडी, आठ माणसं, वर 18 टक्के जीएसटी असं सांगून मोकळा. "अजून काही?" त्याने विचारलं. मी छातीठोकपणे म्हटलं, "छे, एवढंच."

इन्शुरन्स वेगळा. त्यासाठी प्रत्येक वस्तूची किंमत लिहून द्यायची होती. मी अकाउंट्सच्या मॅडमना विचारलं, ही चूक. 2018 ला 30 हजाराला घेतलेला कॉम्प्युटर, दरवर्षी 40 टक्के घसारा, म्हणजे सात वर्षांनी पुस्तकात उरले साधारण 840 रुपये, आणि मॅडम पुस्तकाबाहेर जायला तयार नाहीत. म्हटलं मॅडम, गाडी उलटली तर 840 रुपयात माऊस आणि दोन वडापाव येतील हो. त्या म्हणाल्या, "मग गाडी उलटू देऊ नका."

पॅकिंगच्या दिवशी प्रत्येकाला खोके, टेप आणि स्टिकर दिले, स्टिकरवर नाव, नवीन टेबल नंबर आणि आत काय ते लिहायचं, दोन मेल टाकले, एकदा उभं राहून ओरडून पण सांगितलं. संध्याकाळी मोजले तर खोके 63, त्यातल्या 41 वर लिहिलेलं 'इतर'. एकावर 'इतर (महत्त्वाचे)'. हे कोणाचं विचारलं तर सगळे बबल रॅप फोडण्यात मग्न.

दिवसा आमच्या भागात मोठ्या गाडीला बंदीची वेळ, म्हणून सगळा खेळ रात्री दहानंतर. कपाटं जाळीच्या लिफ्टमध्ये मावेनात, मग चार मजले लाकडी जिना, आठ जण "हळू हळू, डावीकडं घे, भिंत भिंत" करत उतरवतायत, यूपीएसच्या बॅटऱ्या तर एवढ्या जड की एकाने विचारलं आत काय देव ठेवलेत का. देव वेगळेच होते. साहेबांच्या केबिनमधला गणपतीचा फोटो शिपाईकाकांनी कोणाला हात लावू दिला नाही, मांडीवर घेऊन बसले होते.

दीड वाजता गाडी गच्च भरली, दोरी आवळली, मुकादमाने माझ्यासमोर सहीला कागद धरला, आणि काका शांतपणे म्हणाले, "आणि माळ्यावरचं?"

मुकादमाने वर बघितलं. मी पण. तेवीस वर्षं त्या माळ्याखाली बसलो, कधी मान वर केली नव्हती. "साहेब, माळा सर्व्हेत नाय," मुकादम म्हणाला, आणि पेन परत खिशात गेलं.

शिडी लावली. वरून काय काय निघालं: फॅक्सचे रोल, पोतंभर फ्लॉप्या, तीन पायांच्या दोन खुर्च्या, आणि सुतळीने बांधलेले अकरा गठ्ठे, त्यावर लिहिलेलं '26 जुलैला भिजलेल्या फाइली'. आता 2005 च्या त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला होता पण कुलाब्याला जेमतेम 73, मग फोर्टात चौथ्या मजल्यावर फाइली भिजल्या कशा? काका म्हणाले त्या कुर्ल्याच्या गोडाऊनमधल्या, सुकवायला म्हणून इथे आणल्या होत्या.

वीस वर्षं सुकत होत्या. टाकून देऊ म्हटलं तर मॅडमना रात्री दोनला फोन लागला, कायद्याने जुनी पुस्तकं आठ वर्षं ठेवायची, हे त्याच्या कितीतरी आधीचं, म्हणजे टाकायला हरकत नाही. पण सही साहेबांची लागेल. साहेब झोपलेले.

मग अडीच वाजता एक छोटा हत्ती बोलावला, भाव त्याने सांगितला तो मी मुकाट्याने दिला. मरोळच्या बिल्डिंगला गेटवर सिक्युरिटी म्हणे पासावर एकच गाडी आहे, दुसरी सकाळी नवीन पास काढून. सर्व्हिस लिफ्ट सहापर्यंतच. तो हत्ती आणि मी गेटबाहेर उजाडेपर्यंत बसलो, चहावाला पण अजून यायचा होता.

सोमवारी नवीन ऑफिस चकाचक, एसी, काचा, पांढरं शुभ्र फॉल्स सीलिंग, आणि मधोमध अकरा गठ्ठे. साहेब आले, गठ्ठ्यांना वळसा घालून केबिनमध्ये गेले. सहीचं विचारणार तेवढ्यात पाठीमागे खुर्चीचा आवाज झाला. काका खुर्चीवर चढले होते, छत्रीच्या टोकाने सीलिंगचा एक चौकोन वर ढकलून आत डोकावत होते.

"जागा आहे हो वर," ते म्हणाले. "बरीच आहे."