कोचला नाही म्हटलं म्हणून कोणाचं करिअर संपत नाही

अमेरिकेत ज्यांची मुलंमुली हायस्कूलला बास्केटबॉल खेळतात त्या आपल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं असं, की टीममध्ये बोलावणाऱ्या कॉलेजच्या कोचला नकार दिला की तो मुलाला ब्लॉक करतो, बाकीच्या कोचना सांगून नाव खराब करतो, ते दार कायमचं बंद होतं, म्हणून शेवटपर्यंत सगळ्यांना हो-हो म्हणत राहा. एकेक घेऊ.

पहिलं, ब्लॉक करतो. बोलणं बंद होतं हे खरंय, पण रुसून नाही, नियमच तसा आहे. १९६४ पासून नॅशनल लेटर ऑफ इंटेंट नावाचा कागद होता, त्यावर सही झाली की बाकीच्या कॉलेजांनी मागे लागणं थांबवायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेने, तो कागद रद्द केला, पण आता स्कॉलरशिपच्या करारावर सही केली की तेच लागू होतं. शिवाय कामाचा रेटा बघा ना, पुरुषांच्या डिव्हिजन वन (कॉलेज खेळांची सगळ्यात वरची पातळी) टीमकडे कित्येक वर्षं १३ स्कॉलरशिप होत्या, त्यातल्या दरवर्षी मोजक्याच रिकाम्या होणार, मग एका पॉइंट गार्डच्या जागेसाठी कोचकडे नावांची उतरती यादी असते आणि वरच्याने नाही म्हटलं की लगेच खालच्याला फोन जातो. आदल्या दिवसापर्यंत मेसेजवर मेसेज टाकणारा असिस्टंट कोच 'ऑल द बेस्ट' एवढं लिहून गायब झाला की पोराला टोचतं, साहजिक आहे. पण त्या माणसाची नोकरी ती जागा भरण्यावर आहे हो, तुमच्या पोराशी मैत्री टिकवण्यावर नाही.

दुसरं, नाव खराब करतो. कोणाकडे जाऊन? ज्या कोचने मुलगा पटकावला तो प्रतिस्पर्ध्याचं कशाला ऐकेल? वाईट बोलणं चालतं ते निर्णयाच्या आधी, आणि तेही मुलाबद्दल नाही तर समोरच्या कॉलेजबद्दल: तिथे तुला खेळायला मिनिटं मिळणार नाहीत, तो कोच पुढच्या वर्षी दुसरीकडे जाणार वगैरे. ते मात्र भरपूर चालतं.

तिसरं, दार कायमचं बंद. इथे एलेना डेल डॉनचं उदाहरण बघाच. देशातल्या टॉपच्या खेळाडूंपैकी एक, युकॉनला, म्हणजे कनेटिकट युनिव्हर्सिटीला, सही केलेली, जून २००८ मध्ये कॅम्पसवर पोचली आणि दोन दिवसांत घरी परत. मोठी बहीण लिझी हिला दिसत नाही, ऐकू येत नाही, तिच्यापासून लांब राहणं एलेनाला जमेना. म्हणजे नुसता नकार नाही, सही करून, जागा अडवून मग नकार! युकॉनने तिला मोकळं केलं, ती घराजवळच्या डेलावेअरला गेली, एक वर्ष चक्क व्हॉलीबॉल खेळली आणि मग बास्केटबॉलकडे वळली. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या टीममधून गोल्ड जिंकली तेव्हा त्या टीमचे कोच कोण होते? युकॉनचेच जीनो ऑरिएमा. टीम कमिटी निवडते, एकटा कोच नाही, हे मान्य, पण दार बंद असल्याचं काही दिसत नाही. आजची स्टार खेळाडू केटलिन क्लार्क, तिनेही आधी नोत्र डाम कॉलेजला तोंडी होकार दिला होता, मग आयोवा निवडलं. काय बिघडलं तिचं?

आणि आता तर ट्रान्सफर पोर्टल आहे, म्हणजे कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी. २०२१ पासून एकदा, आणि २०२४ पासून कितीही वेळा कॉलेज बदला, अभ्यास नीट असला तर नव्या कॉलेजात वर्षभर न खेळता बसावं लागत नाही. आज नाही म्हणणारा पोरगा उद्या पोर्टलमध्ये दिसू शकतो हे कोचला चांगलं ठाऊक असतं, मग कशाला संबंध तोडेल तो?

मग कोच काय साधुसंत आहेत का? अजिबात नाही. पण त्रास झाला तो नाही म्हणणाऱ्यांना नाही, हो म्हणून अडकलेल्यांना. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनचा जॅरड उथॉफ, एकही मॅच न खेळलेला, त्याला कॉलेज बदलायचं होतं तर कोच बो रायनने वीसपेक्षा जास्त कॉलेजांवर बंदी घातली, त्यांच्याशी संपर्कच करायचा नाही. रेडिओवर जाऊन समर्थनही केलं, बोंबाबोंब झाल्यावर बंदी फक्त बिग टेनपुरती, म्हणजे विस्कॉन्सिन ज्या लीगमध्ये खेळतं तिथल्या कॉलेजांपुरती, राहिली. पोरगा तरीही बिग टेनमधल्याच, आपल्या घरच्या आयोवाला गेला, स्वतः फी भरून. त्याच्या आदल्या वर्षी टॉड ओब्रायन सेंट जोसेफमधून ग्रॅज्युएट झाला, पुढे यूएबीकडून (अलाबामा युनिव्हर्सिटी, बर्मिंगहॅम) खेळायचं होतं, जुन्या कॉलेजने संमती दिली नाही आणि तो अख्खा सीझन बाकावर बसला. ऑक्टोबर २०१८ पासून अशी परवानगी लागत नाही, पण फॉरवर्डवाल्यांनी हे किस्से अर्धवट ऐकून 'नकार दिल्याची शिक्षा' करून टाकलेत.

राहिलं चौथं, हो-हो म्हणत राहा. हा सल्ला सगळ्यात घातक. कोचला खरा राग येतो तो झुलवत ठेवल्याचा, आणि कमिटमेंटचं ग्राफिक इन्स्टावर बघून बातमी कळल्याचा. म्हणून पोस्ट टाकायच्या आधी फोन करायचा, पोराने स्वतः करायचा, आईबाबांनी किंवा क्लबच्या कोचने नाही. दोन मिनिटं लागतात, घाम फुटतो, ठीक आहे. आणि कोचची तोंडी ऑफरही सहीपर्यंत हवेतच असते, वरच्या नावाने होकार दिला की तुमची ऑफर गुपचूप मागे घेतली जाते. त्यामुळे तुम्ही सगळ्यांना लटकवून ठेवलंय असं तुम्हाला वाटत असताना यादीत तुमचं नाव कितवं आहे हे त्या असिस्टंटला सरळ विचारा, बरेच जण सांगतात.