हवेतल्या कार्बनची ‘जागा भरलेली’ नाही

आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज आठवडाभर फिरतोय. गंगाखेडच्या मामांनी तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, “तू फिजिक्स शिकवतोस, खरंय का हे?” मेसेज म्हणतो: कार्बन डायऑक्साइड हवेत दहा हजारांत जेमतेम चार भाग. त्याला शोषायची तेवढी उष्णता तो शोषून बसलाय; स्वीडनचे शास्त्रज्ञ आंगस्ट्रॉम यांनी 1900 सालीच हे दाखवलं. खरी उष्णता अडवते पाण्याची वाफ. कार्बन तर पिकांचं खाद्य. म्हणून हवामानबदल ही अफवा, शेततळं-ठिबकात पैसा घालू नका.

नाही मामा, खरं नाही.

चार भागांचं आधी. हवेत 78 टक्के नायट्रोजन आणि 21 टक्के ऑक्सिजन. दोघांचे रेणू दोन सारख्या अणूंचे. ते थरथरले तरी विद्युतभार एका बाजूला झुकत नाही, म्हणून जमिनीतून निघणारी अवरक्त उष्णता त्यांच्यातून जवळजवळ आरपार जाते. उष्णता अडवण्याच्या हिशोबात त्यांना धरायचंच कशाला? कार्बन डायऑक्साइडचा रेणू वाकतो, आणि ते वाकणं नेमकं 15 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासच्या पट्ट्यात उष्णता शोषतं, जिथे जमीन भरपूर उष्णता बाहेर टाकत असते. शिवाय कारखानदारीच्या आधी हे प्रमाण दशलक्षात सुमारे 280 होतं, आज 420 च्या वर आहे.

आता ‘जागा भरली’, म्हणजे शोषायची तेवढी उष्णता शोषून झाली, हा मुद्दा. यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो: त्या पट्ट्याच्या मधोमध शोषण इतकं जबर आहे की जमिनीलगत ती उष्णता काही मीटरांतच अडते. आंगस्ट्रॉमच्या प्रयोगात नळीतला कार्बन डायऑक्साइड कमी केल्यावर फारसा फरक दिसला नाही, हेही खरं. पण त्या काळच्या उपकरणाला सगळा पट्टा एकसंध दिसायचा. आजच्या सूक्ष्म वर्णपटमापकातून (किरणांची तरंगलांबीनुसार फोड करून मोजणाऱ्या यंत्रातून) बघा, तो पट्टा म्हणजे शेकडो बारीक रेषा. तरंगसंख्येत (एका सेंटीमीटरात मावणाऱ्या लहरींच्या संख्येत) मोजलं तर मुख्य रेषांमध्ये सुमारे दीडचं अंतर, आणि जमिनीलगतच्या दाबाला प्रत्येक रेषेची अर्धी रुंदी जेमतेम 0.07. मधल्या फटी आणि पट्ट्याच्या दोन्ही कडा भरायच्या बाकीच आहेत. वायू वाढला की शोषण तिथे वाढतं.

त्याहून मोठी चूक म्हणजे शोषलेली उष्णता संपली असं समजणं. प्रत्येक थर ती पुन्हा वर-खाली फेकतो. अखेर अवकाशात निसटते ती वरच्या, थंड थरातून. कार्बन वाढला की निसटायची जागा आणखी उंच, आणखी थंड होते. तिथून कमी उष्णता बाहेर पडते आणि खाली साठते. एक वाकळ अंगावर असली म्हणजे दुसरीने ऊब वाढत नाही का? भौतिकशास्त्रज्ञ गिल्बर्ट प्लास यांनी 1956 मध्ये संगणकावर थरागणिक हिशोब करून ही शंका मोडीत काढली.

आणि आता तर मोजूनच झालंय. 2015 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा आणि अलास्का इथे जमिनीवर वर्णपटमापक ठेवून आकाशातून खाली येणारी उष्णता 2000 ते 2010 टिपली. कार्बन डायऑक्साइड दशलक्षात 22 ने वाढला, आणि त्याच्याच रेषांमधून येणारी उष्णता दर चौरस मीटरला 0.2 वॅटने वाढली. जागा भरली असती तर ही वाढ आली कुठून?

वाफ जास्त उष्णता अडवते, बरोबर. पण हवेत वाफ किती टिकणार हे तापमान ठरवतं. एक अंश वाढलं की सुमारे 7 टक्के जास्त मावते. कार्बनने तापवलं की वाफ त्यात भर घालते.

ठिबकाच्या सल्ल्याचा मला खरा राग आहे. आपला भाग पर्जन्यछायेतला, 1972 चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी भोगलाय, 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. प्रत्येक दुष्काळ कार्बनमुळेच असं मी म्हणत नाही. पण इथे पाणी राखू नका असं सांगणारा माणूस शेतकऱ्याचं नुकसान करतोय, हवामानाबद्दल त्याचं मत काहीही असो.

राहिलं पिकांचं खाद्य. कापूस, सोयाबीनला जादा कार्बनचा थोडा फायदा होतो, पाणी मिळालं तर. ज्वारी आणि ऊस मात्र कार्बन पानातच एकवटून वापरतात, त्यांना फारसा नाही. आणि फुलोऱ्यात उन्हाचा तडाखा बसला की फुलगळ होते, हवेत कितीही कार्बन असला तरी.