माशाच्या तेलाच्या गोळीने हाडं भरत नाहीत

‘साठी उलटलेल्या बायकांनी रोज ओमेगा-३ ची एक गोळी घ्यावी. हाडांची झीज भरून येते हे संशोधनाने सिद्ध झालंय, मग ठिसूळपणाच्या औषधांची गरज उरत नाही.’ हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. ओमेगा-३ म्हणजे माशाच्या तेलातला स्निग्ध घटक. तो वाचून आमच्या नात्यातल्या एका आजींनी हाडांच्या ठिसूळपणावरची, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी बंद केली, म्हणून लिहायला बसले.

‘सिद्ध झालंय’ म्हणजे काय? १९९८ चा एक अभ्यास आहे खरा. सरासरी ऐंशीच्या घरातल्या ६५ स्त्रिया, दीड वर्षं. माशाचं तेल आणि इव्हनिंग प्रिमरोज या फुलझाडाच्या बियांचं तेल एकत्र घेणाऱ्यांच्या कण्याच्या हाडांची घनता टिकली, खोबरेल तेल घेणाऱ्यांची घटली. पण कॅल्शियम दोन्ही गटांना दिलं होतं, आणि तेलं दोन होती. मग श्रेय एकट्या माशाच्या तेलाला कसं द्यायचं? २००० साली ब्रिटनमध्ये हेच मिश्रण निरोगी स्त्रियांना वर्षभर दिलं, तेव्हा नुसत्या कॅल्शियमपेक्षा काहीच जास्त फायदा दिसला नाही.

शिवाय घनता हा यंत्रावरचा आकडा. आपल्याला भीती असते ती न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडण्याची. तेच युरोपातल्या पाच देशांत ‘डू-हेल्थ’ चाचणीत तपासलं: सत्तरी गाठलेले २,१५७ लोक, निम्म्याहून जास्त स्त्रिया, तीन वर्षं, रोज १ ग्रॅम ओमेगा-३. निकाल २०२० मध्ये आला. हाडं मोडण्याचं प्रमाण कमी झालं नाही. ही माणसं बऱ्यापैकी धडधाकट होती, हेही सांगायला हवं. पण तो मजकूर तरी साठी उलटलेल्या सगळ्याच बायकांना सरसकट गोळी घ्यायला सांगतो.

ओमेगा-३ असलेले बांगडा, जवसाची चटणी खुशाल खा. अन्न म्हणून ती उत्तमच आहेत.

‘औषधांची गरज उरत नाही’ हे वाक्य मात्र मला घातक वाटतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि हाड खाणाऱ्या पेशी मोकाट सुटतात. ठिसूळपणाची बहुतेक औषधं त्यांनाच आवरतात. झोलेड्रॉनिक ॲसिड या अशाच एका औषधाच्या २००७ च्या चाचणीत तीन वर्षांत मणका पिचण्याचं प्रमाण ७० टक्क्यांनी, खुबा मोडण्याचं ४१ टक्क्यांनी घटलं. त्याच्या जवळपास जाणारा एकही आकडा माशाच्या तेलाच्या नावावर नाही.

आठवड्याची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. याला अनेकजणी कंटाळतात, काहींना जळजळ होते. तसं असेल तर डॉक्टरांना सांगा. झोलेड्रॉनिक ॲसिड वर्षातून एकदाच, शिरेतून देतात. आधी मूत्रपिंडाची आणि रक्तातल्या कॅल्शियमची तपासणी लागते.