घरी बांधलेला लूप दवाखान्यात दाखवता यावा

पुण्यात टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांचे पालक आणि त्यांचे डॉक्टर यांच्यात एक मतभेद हळूहळू वाढतो आहे. काही पालक मुलाच्या दंडावरच्या सेन्सरमधले शुगरचे आकडे मुक्त स्रोत (ज्याचा कोड कोणालाही पाहता आणि वापरता येतो अशा) अ‍ॅपच्या साहाय्याने स्वतःच्या फोनवर घेतात. त्यांतले थोडे जण आणखी पुढे जाऊन इन्शुलिनचा पंपही त्याच प्रकारच्या अ‍ॅपच्या हाती देतात; या जोडणीलाच लूप म्हणतात. हे कळले की काही डॉक्टर म्हणतात, हा स्वतःच्या मनाने केलेला उपचार आहे, माझ्यासमोर त्याचा विषय काढू नका. पालक उत्तर देतात की रात्री दोन वाजता इन्शुलिनचा निर्णय एरवीही आम्हीच घेतो, तो आकडेमोड करून घेतला तर बिघडले कुठे? आणि नातेवाइकांत कोणीतरी असतेच, जे याला परदेशातले खूळ म्हणून बाजूला सारते. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा कोथरूडमध्ये हा आजार घेऊन वाढतो आहे आणि माझी मुलगी न्यूझीलंडमध्ये, ख्राइस्टचर्चला. त्यामुळे हा वाद मला दोन्ही बाजूंनी ऐकावा लागतो. अ‍ॅप वापरावे की नाही याचा निकाल अनेक घरांनी आपापल्या परीने लावून टाकला आहे. ते डॉक्टरांपासून लपवून वापरावे लागते, यात मला सर्वांत मोठा धोका दिसतो.

टाइप वनमध्ये शरीराचे स्वतःचे इन्शुलिन जवळजवळ संपते आणि ते आयुष्यभर बाहेरून द्यावे लागते. किती द्यायचे हे जेवण, खेळ, ताप, झोप, परीक्षेची धास्ती अशा अनेक गोष्टींवर ठरते, आणि मात्रा थोडी जास्त झाली तर मूल झोपेतच लो होऊ शकते, म्हणजे त्याची शुगर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. मुक्त स्रोत प्रणालीत तीन भाग असतात: त्वचेखालचे ग्लुकोज साधारण दर पाच मिनिटांनी सांगणारा सेन्सर, इन्शुलिनचा पंप आणि फोनमधली आज्ञावली. ही आज्ञावली पुढच्या काही तासांत शुगर कुठे जाईल याचा अंदाज बांधते. ती खाली जाणार असे दिसले तर पंपाचा बेसल दर, म्हणजे दिवसभर संथपणे जाणारे इन्शुलिन, कमी करते किंवा थांबवते, वर जाणार असे दिसले तर वाढवते. जेवणाचा अंदाज मात्र अजूनही माणसाने द्यायचा असतो. यातली सुरक्षेची रचना मला विशेष महत्त्वाची वाटते. ओपनएपीएस या अशाच एका प्रणालीत बेसल बदलण्याची प्रत्येक आज्ञा अर्ध्या तासापुरती असते, म्हणजे फोन बंद पडला किंवा संपर्क तुटला तर पंप आपोआप आधी ठरवलेल्या बेसलवर परततो. अँड्रॉइडएपीएस हे अ‍ॅप तयार स्वरूपात मिळतच नाही. मूळ कोडपासून ते स्वतः बांधावे लागते, आणि त्यानंतरही ते सुरुवातीला फक्त सूचना देते. ठरावीक टप्पे पार केल्याशिवाय पंपाची सूत्रे ते स्वतःकडे घेत नाही. हे काम उतावळ्या लोकांनी केलेले असते तर इतकी कुंपणे त्यांनी स्वतःभोवती घातली नसती.

या चळवळीची सुरुवात २०१३ मध्ये अमेरिकेत झाली. जॉन कॉस्टिक या अभियंत्याला आपल्या लहान मुलाची शुगर तो शाळेत असतानाही पाहता यावी असे वाटत होते, म्हणून त्यांनी सेन्सरचे आकडे इंटरनेटवर पाठवण्याची सोय केली. त्यातून पुढे नाइटस्काउट ही आकडे दुरून पाहण्याची मुक्त स्रोत सोय उभी राहिली. सिअ‍ॅटलमध्ये स्वतः टाइप वन असलेल्या डेना लुईस यांना सेन्सरच्या गजराने झोपेतून जाग येत नसे. त्यांनी स्कॉट लीब्रँड यांच्यासोबत आधी मोठा गजर वाजवणारी आज्ञावली लिहिली, मग तिच्यात अंदाज वर्तवणे आले, आणि पंपाशी संवाद साधण्याचे बेन वेस्ट यांचे काम जोडले गेल्यावर वर्षअखेरीस ती पंपही चालवू लागली. २०१५ मध्ये ओपनएपीएसची रचना सर्वांसाठी खुली झाली. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, कंपनीच्या अशा पहिल्या प्रणालीला, मेडट्रॉनिकच्या ६७०जी ला, मान्यता दिली ती सप्टेंबर २०१६ मध्ये. म्हणजे रुग्ण कंपन्यांच्या आधी तिथे पोचले होते, आणि पोचल्यावर त्यांनी वाट इतरांना दाखवली.

ख्राइस्टचर्चमध्ये राहत असल्यामुळे मला पुढचा भाग जवळून समजला. ओटागो विद्यापीठातले बालमधुमेहतज्ज्ञ मार्टिन डी बॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच मुक्त स्रोत आज्ञावली घेऊन क्रिएट नावाची रीतसर चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष सप्टेंबर २०२२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाले. मुले आणि प्रौढ मिळून ९७ जण, २४ आठवडे. एका गटाला अँड्रॉइड फोनवरची ही प्रणाली, दुसऱ्याला सेन्सर आणि साधा पंप. पहिल्या गटाची शुगर ७० ते १८० या पट्ट्यात राहण्याचे प्रमाण ६१.२ टक्क्यांवरून ७१.२ टक्क्यांवर गेले. दुसऱ्या गटाचे ५७.७ वरून ५४.५ वर आले. दोन गटांतला फरक दिवसाला ३ तास २१ मिनिटांचा होता, आणि तीव्र लो किंवा कीटोअ‍ॅसिडोसिसचा (इन्शुलिन कमी पडून रक्त आम्लयुक्त होण्याचा) प्रसंग एकाही गटात आला नाही. ज्या आईने मुलाच्या उशाशी बसून रात्री काढल्या आहेत तिला या तीन तासांचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

डॉक्टरांनी आपणहून ही चाचणी हाती घेतली, याचे मला आकड्यांपेक्षा अधिक महत्त्व वाटते. रुग्ण ही प्रणाली वापरतातच, तर ती सुरक्षित आहे का हे तपासणे आपले काम आहे, अशी भूमिका त्यामागे दिसते. २०२१ च्या अखेरीस अनेक देशांतल्या मधुमेहतज्ज्ञांनी लॅन्सेटच्या मधुमेहविषयक नियतकालिकात एक सहमतिपत्र प्रसिद्ध केले, आणि जे रुग्ण हा मार्ग निवडतात त्यांना डॉक्टरांनी पाठिंबा द्यावा असे त्यात म्हटले. माझ्या मुलीचे डॉक्टर ही प्रणाली लिहून देत नाहीत. तरीही प्रत्येक भेटीत ते तिचे आलेख उघडतात, बेसल आणि कार्बचे गुणोत्तर (किती पिष्टाला किती इन्शुलिन) तपासतात, आणि पंप बंद पडला तर पेनाने किती इन्शुलिन घ्यायचे ते तिच्याकडून वदवून घेतात. माझ्या बहिणीला हे सांगितले तेव्हा ती काही वेळ काहीच बोलली नाही, कारण तिच्या फाइलमध्ये त्या अ‍ॅपचा एका शब्दाचाही उल्लेख नाही.

पुण्यातल्या डॉक्टरांची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. सुरुवातीच्या काळात अनेकांनी मेडट्रॉनिकचे जे जुने पंप वापरले, ते बाहेरून दिलेली आज्ञा स्वीकारत, आणि नेमकी ती त्यांच्या सुरक्षेतली उणीव होती. २०१९ मध्ये कंपनीने तसे पंप परत मागवले. त्याच वर्षी मे महिन्यात एफडीएने अनधिकृत जोडण्यांबद्दल इशारा दिला, कारण अशा जोडणीत एका रुग्णाला इन्शुलिन जास्त गेल्याची नोंद त्यांच्याकडे आली होती. सेन्सर चुकला की आज्ञावलीही चुकते. म्हणूनच असा पंप वापरणाऱ्या मुलावर अनुभवी डॉक्टरांची नजर इतरांपेक्षा जास्त हवी; दवाखान्याचे दार बंद केल्याने ती नजर तेवढी जाते, पंप मात्र चालूच राहतो.

परदेशातले खूळ या आक्षेपाला मात्र मी दाद देणार नाही. न्यूझीलंडची औषधखरेदी करणारी सरकारी संस्था, फार्मॅक, पात्र रुग्णांच्या पंपाचा खर्च पूर्वीपासून देत होती, पण सेन्सरचा खर्च सरसकट देणे तिने सुरू केले ते १ ऑक्टोबर २०२४ पासून. तोपर्यंत इथले पालकही सेन्सरसाठी स्वतःचे पैसे मोजत आणि पदरात पडेल त्या पंपाला फोन जोडत होते. अडचणीतूनच हे लोक एकमेकांना शिकवू लागले, आणि अशी अडचण पुण्यात कितीतरी पट मोठी आहे. पंपाची किंमत लाखांत जाते, सेन्सर दर दोन आठवड्यांनी बदलायचा तर महिन्याचा हिशेब कोलमडतो, आणि बहुसंख्य मुले पेन किंवा सिरिंजवरच आहेत. अशा घरांना पूर्ण लूप हवा असा आग्रह धरणे मला योग्य वाटत नाही. त्यांच्यासाठी मुक्त स्रोताचा पहिला उपयोग पाहण्याचा आहे. सेन्सरचे आकडे एक्सड्रिप अ‍ॅपमध्ये आले, नाइटस्काउटवरून आईच्या आणि शाळेतल्या बाईंच्या फोनवर दिसले, आपल्याला हवा तिथे गजर लावता आला, तर इन्शुलिन हातानेच द्यायचे असले तरी दिवस पुष्कळ सुरक्षित होतो. ज्यांच्याकडे नियमित स्ट्रिपचेही पैसे नाहीत, त्यांचा प्रश्न अर्थातच यांतल्या कोणत्याही अ‍ॅपने सुटणार नाही. तिथे शासनाने इन्शुलिन आणि स्ट्रिप पुरवण्याला पर्याय नाही.

पुण्यासारख्या शहराला यात फक्त घेणाऱ्याच्या भूमिकेत राहण्याचे कारण नाही. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मधुमेहावर केलेल्या संशोधनाची दखल जगाने घेतली आहे, आणि हिंजवडीत परदेशी वैद्यकीय उपकरणांचे सॉफ्टवेअर लिहिणारे व तपासणारे अभियंते बसलेले आहेत. कायद्याच्या दृष्टीने सॉफ्टवेअरसुद्धा वैद्यकीय उपकरणांत मोडते आणि २०१७ चे नियम त्याला लागू होतात. पण आपला औषधविषयक कायदा मुख्यतः विक्री आणि वितरणासाठी होणाऱ्या उत्पादनावर नियंत्रण ठेवतो, आणि आपल्या मुलासाठी कोड बांधणारी आई काहीही विकत नसते. तिचे आलेख वाचून मत देणारा डॉक्टरही काही विकत नाही.

तेव्हा शहरातल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या बालमधुमेह विभागाने महिन्यातला एक शनिवार या कुटुंबांसाठी ठेवावा, एवढीच माझी मागणी आहे. फाइलवर स्पष्ट लिहावे की ही प्रणाली रुग्णाची स्वतःची निवड आहे, कोणते अ‍ॅप, कोणती आवृत्ती, कोणती कमाल मर्यादा. पंप बंद पडल्यावर काय करायचे ते कागदावर द्यावे आणि पालकांची संमती घेऊन आलेख जपून ठेवावेत. ज्वारीच्या भाकरीनंतर शुगर किती वेळाने चढते, उकडीचे मोदक खाल्ल्यावर जेवणासाठीची इन्शुलिनची एकच मात्रा (बोलस) पुरते की दोन द्याव्या लागतात, एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीतले पिष्ट आणि शेंगदाण्याचे कूट आज्ञावलीला किती गोंधळात टाकते, हे पुण्यातल्या मुलांच्या नोंदींतूनच कळेल. ख्राइस्टचर्चच्या चाचणीत या प्रश्नांची उत्तरे नाहीत, आणि इथल्या डॉक्टरांना ती माझ्याकडून ऐकण्यात रस आहे.