घरी वाजवायला गिटारचा जुना अ‍ॅम्प घेताय? १०० वॉटच्या खाली बघूच नका

सगळ्यात आधी वॉट बघा, बाकी सगळं नंतर. तुमची खोली इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या वाड्यात, माडीवर, दहा बाय दहाची, भिंतीपलीकडे काकूंचं देवघर आणि खाली आजोबा दुपारचे आडवे झालेले, तर तुम्हाला १०० वॉट लागणारच. कोणीतरी शहाणा सांगेल की ५० आणि १०० वॉटमध्ये फरक फक्त ३ डेसिबलचा, आणि कानाला दुप्पट मोठं वाटायला वॉट दहापट लागतात, म्हणजे १० वॉटचा छोटू १०० वॉटवाल्याच्या निम्मा तरी वाजतोच. त्याच्या नादी लागू नका, त्याचं ऐकलं तर १० वॉटचा डबा घेऊन बसाल आणि मग ग्रुपवर फोटो कशाचा टाकणार? तसं बघायला गेलं तर गिटार अ‍ॅम्पच्या बारा इंची स्पीकरला एक वॉट दिला तरी मीटरभर अंतरावर ९७-१०० डेसिबल सहज निघतात, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे पहिल्या वॉटातच नियमाचं काम तमाम. उरलेले ९९? असू द्या हो, अडीअडचणीला.

आणि वॉल्ववालाच घ्या, म्हणजे आत ट्रान्झिस्टरऐवजी तापणाऱ्या काचेच्या नळ्या असलेला. वॉल्वचा आवाज ‘वॉर्म’ असतो, हे ज्यांनी कधी ऐकला नाही तेसुद्धा छातीठोकपणे सांगतात. एक गोष्ट खरी, की या अ‍ॅम्पचा जो आवाज सगळ्यांना हवा असतो तो पॉवर वॉल्व दामटल्यावरच येतो, आणि १०० वॉटचा दामटायचा म्हणजे वाड्यातल्या खिडक्या वाजणार. मग तुम्ही तो एकदम हळू ठेवणार आणि तो सर्दी झाल्यासारखा वाजणार. पण वॉर्म तर होईलच, मे महिन्यात इंदूरच्या माडीवर तर फारच. हेड, म्हणजे बिनस्पीकरचा नुसता अ‍ॅम्प, वेगळं आणि चार स्पीकरचं कॅबिनेट वेगळं असं मिळालं तर सोडूच नका, कॅबिनेट ३५ किलोच्या आसपास, जिना लाकडी, आणि वर न्यायला मित्र आहेतच, पोहे-जिलबीवर तयार होतात. जिन्यात अडकलंच तर नुसतं हेड लावून बघायचा मोह होईल, बघा खुशाल, स्पीकर न जोडता वॉल्वचं हेड वाजवलं की वॉल्व आणि स्पीकरमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि तो मग तुम्ही महाराणी रोडवर दुकानोदुकानी विचारत फिरा, चहा तरी मिळेल. बिघडलाच तर घरीच उघडा, प्लग काढलाय म्हणजे काय होतंय! आत वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये तेव्हाही चारशेच्या वर व्होल्ट बसलेले असू शकतात, पण त्यांना कुठे माहितीये की प्लग काढलाय.

अमेरिकेतून कोणाच्या तरी भाच्याने आणलेला असेल तर दुधात साखर. मागे बारीक अक्षरात १२० व्होल्ट लिहिलेलं असतं, ते वाचायचं नाही. आपल्याकडे २३० येतात, जास्तच मिळतायत, तक्रार कसली. सोबत २३० चे १२० करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आहे का असं विचारणारं गिऱ्हाईक विकणाऱ्याला कंजूष वाटतं.

बघायला जाताना स्वतःची गिटार अजिबात नेऊ नका. विकणारा त्याची लावेल, त्याला येते ती एकच रिफ वाजवेल, व्हॉल्यूम सातवर, आणि म्हणेल “सुनो भिया, क्या आवाज है!” तुम्ही मान डोलवायची. घरी तो नॉब जन्मात एकच्या पुढे जाणार नाहीये, म्हणून एकवर कसा वाजतो ते तेवढं ऐकायचं नाही. चुकून हात गेलाच तर कळेल, शून्यावर सामसूम, जरा हलवला की खर्रर्र, आणखी केसभर सरकवला की एकदम अंगावर, मधलं काही नाहीच. विकणारा म्हणेल “धूळ आहे हो, वापरला की जाते.” कधीकधी कॉन्टॅक्ट क्लीनरने खरंच जाते, कधी नॉबमागचा पॉटच बदलायला लागतो, पण तिथे उभं राहून नॉब पाच-सहा वेळा फिरवून बघणं म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास, आणि आपण इंदूरची माणसं, असं तोंडावर कोणाला दुखवत नाही.

घूंऽऽ येत असेल तर ती अ‍ॅम्पची तब्येत समजा. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करूनही तशीच राहिली तर घोटाळा बहुतेक अ‍ॅम्पच्याच पोटात, हे ओळखायला दहा सेकंद लागतात, पण एवढा वेळ कोणाकडे असतो. वाड्यातल्या वायरिंगला अर्थिंग नसतंच, त्यामुळे गिटारच्या तारांना हात लावला की कधीकधी झिणझिण्या येतात. त्याला व्हिंटेज फील म्हणायचं आणि किंमत थोडी वाढवून द्यायची.

शेजाऱ्यांचं टेन्शन घेऊ नका. रोज सकाळी कचरागाडी गाणं लावून गल्लीत शिरते, तिला कोण काय म्हणतं? स्वच्छतेत शहर नंबर वन आहे. तुमच्या पॉवर कॉर्डवर (वायर नव्हे, गिटारवर एकदम वाजवलेले दोन सूर) मात्र काकू दोनच मिनिटांत दारात, “बाळा, मिक्सर बिघडलाय का रे तुमचा?”

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. भंवरकुआँकडे हॉस्टेलवर पोरं असतात, प्लेसमेंट लागली की बेंगळुरूला जाताना कूलर, गादी आणि अ‍ॅम्प एकाच दिवशी काढतात. त्यात फेंडर फ्रंटमॅन १०जी नाहीतर व्हॉक्स पाथफाइंडर १० असले १० वॉटचे डबे असतात, एका हातात उचलून स्कूटीवर पुढे ठेवून नेण्यासारखे. क्वचित बॉस कटाना ५० पण निघतो, त्याला अर्ध्या वॉटवर चालवायचं बटण दिलंय, म्हणजे बघा, कंपनीलाच स्वतःच्या ५० वॉटची लाज. आणि या सगळ्यांना हेडफोनचं भोक असतं. हेडफोन लावला की काकू शांत, आजोबा शांत, रात्री अकराला पण वाजवता येतं, आणि ठेका देणारा मेट्रोनोम लावला तर आपला हात दर चौथ्या मात्रेला कसा पुढे पळतो ते अगदी स्वच्छ ऐकू येतं, आता हे ऐकायला कोणी पैसे देतं का?